काट्याचा गरबा

बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ला टेकला की ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, "अहो, गाडीचा टेम्परेचरचा काटा मध्येच चढतो, मध्येच उतरतो. बघता का जरा?" काटा लाल पट्ट्यात जाऊन तिथंच बसला असेल तर बघण्यासारखं काही उरत नाही. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. गंमत आहे ती चढ-उतार करणाऱ्या काट्यात. तो नेमका कधी हलतो हे नीट सांगणारा मालक भेटला, की निम्मं निदान बॉनेट न उघडताच होतं.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. पंप इंजिनाभोवती पाणी फिरवतो, ते रेडिएटरमध्ये वाऱ्यानं निवतं, वारा कमी पडला की पंखा लागतो. पाण्यात साधारण निम्मं ग्लायकोल असतं. झाकण आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे हे मिश्रण, म्हणजे कूलंट, १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. बास.

आता रस्त्यावर या. अमितनगर सर्कलवरून निघून अहमदाबादचा एक्स्प्रेसवे धरा. ९३ किलोमीटरचा मोकळा रस्ता आहे. तिथं वेगात काटा खाली घसरत असेल आणि फतेहगंजच्या सिग्नलला पुन्हा मध्यावर येत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, उघडा अडकलाय, नाहीतर कोणीतरी तो काढूनच टाकलाय. एक्स्प्रेसवेवर शहाण्यासारखा वागणारा काटा नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर रांगताना चढत असेल आणि ए.सी. बंद करताच उतरत असेल, तर पंखा बघा: फ्यूज, रिले, मोटर. पावागडला माचीच्या चढावर काटा वर जातो आणि उतारावर खाली येतो, त्या गाडीचा रेडिएटर बहुधा क्षारानं बुजलेला असतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्याचं ते फळ.

आणि एका झटक्यात उडी मारणारा काटा? पाच-सहा लिटर पाणी सेकंदात तीस अंश तापत नाही, निवतही नाही. तिथं पाण्याचा संबंध नाही. सेन्सरचा कनेक्टर किंवा अर्थिंग तपासा. हेडलाइट लावताच तापमानाचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही काटे जोडीनं हलले, तर दोष नक्कीच वायरिंगचा. असं असूनही लोक आधी रेडिएटर बदलतात, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

थर्मोस्टॅटवर मात्र माझा जीव आहे. मूठभर आकाराची ही झडप विजेशिवाय चालते. आत पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ठरावीक तापमानाला ते वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. मेणाची ही करामत सर्जियस व्हर्ने यानं १९३०च्या दशकात मोटारीत आणली. तत्त्व आजही तेच आहे. झडपेवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, तो उघडायला लागण्याचा अंश. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मध्यभागी लोंबता ठेवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. ८२ला सुरुवात, ९५च्या आसपास पूर्ण उघडा. हळूहळू सरकणारी ती चकती मी कितीही वेळा बघू शकतो. (आमच्या घरी त्या पातेल्यावर आता माझं नाव घातलंय.) एखादा थर्मोस्टॅट बराच वेळ हट्टानं मिटून बसतो आणि मग एकदम उघडतो, तो बसवलेल्या गाडीचा काटा चढून धपकन उतरतो. झडपेच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात डुगडुगणारी पिन असते. ती हवा निघून जाण्यासाठी. बसवताना ती वरच्या बाजूला हवी, नाहीतर हवा कोंडते आणि काटा पुन्हा नाचायला लागतो.

इथले बरेच मेकॅनिक सांगतात, "काढी नाखो ने साहेब, आपणे त्यां ठंडी क्यां छे?" थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडे थंडी कुठे असते, हा सल्ला मला साफ अमान्य आहे. इंजिन नीट तापलं नाही तर पेट्रोल जास्त जळतं आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं आणि गाडी उलट तापते.

काटा मुळात कशाचं तापमान दाखवतो, हाही प्रश्नच आहे. जानेवारी २०२३मध्ये इथल्या लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. लोक रंग आणि लेदर बघत होते. मी रेडिएटरच्या झाकणांवर बॉइस मोटोमीटर शोधत फिरत होतो. हॅरिसन बॉइसला १९१२मध्ये त्याचं पेटंट मिळालं. झाकणावर उभा केलेला हा थर्मामीटर चालकानं काचेतून वाचायचा. पण तो पाण्याचं नाही, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवायचा.

आजच्या गाडीतही हे प्रकरण संपलेलं नाही. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाचं नाही, सेन्सरच्या टोकाचं तापमान सांगतो. कूलंट गळून पातळी खाली गेली, की ते टोक वाफेत किंवा हवेत उघडं पडतं. मग काटा चढतो, अचानक उतरतो, पुन्हा चढतो. उतरला म्हणून हुश्श करणारा माणूस तशीच गाडी हाकतो आणि इंजिनाचं सिलिंडर हेड वाकवून बसतो. म्हणून माझी पहिली तपासणी सकाळची, गार इंजिनाची: रेडिएटरमधली पातळी बघायची. बाहेरच्या बाटलीवर विसंबायचं नाही, झाकणाचं रबर गेलं असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होतं. पातळी रोज उतरत असेल आणि खाली डाग नसेल, तर झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करायचं. मिनिटभरात सतत बुडबुडे यायला लागले, तर हेड गॅस्केट गेलंय. मग काट्याचं नंतर, आधी गॅरेजवाल्याला खर्चाचा अंदाज विचारायचा.