मोटारसायकल एंजिनाचे शीतन

मोटारसायकलीच्या एंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागाचेच यांत्रिक कार्यात रूपांतर होते. उरलेली उष्णता निष्कास वायू व एंजिनाचा पृष्ठभाग यांवाटे बाहेर टाकावी लागते. वातशीतित एंजिनात सिलिंडर व त्याचे शीर्ष यांवरील पातळ धातूच्या पंखांवरून वाहणारी हवा हे कार्य करते. हा प्रवाह मुख्यतः वाहनाच्या गतीमुळे मिळत असल्याने गर्दीत मंद गतीने जाताना शीतन अपुरे पडते. उन्हाळ्यात पंख व हवा यांच्या तापमानांतील फरक घटल्याने त्यात भर पडते. परिणामी वंगण तेल पातळ होते, शक्ती घटते व टोकाच्या स्थितीत दट्ट्या सिलिंडरात अडकून मागील चाक अकस्मात थांबू शकते.

हार्ली-डेव्हिडसनच्या ४५° व्ही-एंजिनात मागील सिलिंडर पुढील सिलिंडराच्या आडोशास येतो. म्हणून त्यांच्या काही एंजिनांत, उभ्या गाडीचे एंजिन फार तापल्यास मागील सिलिंडरातील ज्वलन आपोआप थांबविण्याची योजना असते. जलशीतित एंजिनात प्रारकाजवळील विद्युत् पंखा गाडी थांबली असतानाही हवा खेचतो. तप्त प्रारकाचे झाकण मात्र उघडू नये. दाबाखालील द्रव उसळून गंभीर भाजते.

दीर्घ थांब्यात एंजिन बंद करावे. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी फार वेळ चालवू नये, कारण घर्षणाने तेल अधिक तापते. पंखांतील चिखल वेळोवेळी काढावा व योग्य श्यानतेच्या तेलाची पातळी राखावी. तापलेल्या एंजिनावर पाणी ओतू नये. असमान आकुंचनाने धातूस तडा जाण्याचा संभव असतो.