पळस फुलला की विहीर मोजा

रानात जाता-येता बांधावरचा पळस बघितलात का? पानं झडलीत, कळ्या धरल्यात. थोड्याच दिवसांत झाड केशरी होईल. पंचांगात वसंत चैत्रात येतो, पण झाडं माघातच सांगायला लागतात.

संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो, असं आपण म्हणतो. खरं तर 22 डिसेंबरच्या सुमारास सगळ्यात लहान दिवस असतो, तिथूनच तो वाढू लागतो. 21 मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात. ऊन वाढतं, हवा कोरडी होते, जमिनीतली ओल कमी होते. पानांतून झाडाचं पाणी उडून जातं, म्हणून पळस पानं टाकून देतो. उघड्या फांदीवरची फुलं पाखरांना लांबून दिसतात. मध प्यायला आलेली पाखरं या फुलाचा पराग त्या फुलाला नेतात. लिंबाची पानंही पिवळी पडून गळतात आणि पाडव्याच्या सुमारास तांबूस पालवी फुटते.

आंब्याच्या मोहोराकडंही बघा. ढगाळ हवा पडली की तुडतुडे आणि भुरी येते. पानं चिकट लागली तर तुडतुडे आलेत असं समजा आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. फुलोऱ्यात मनानं औषध फवारू नका. मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं?

आता मुद्द्याचं. एका वर्षी मी गटातून कर्ज काढून उन्हाळी भेंडी लावली. विहिरीत पाणी दिसत होतं, म्हणून मोजलं नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, पळस फुललाय, आता पाणी खालीच जाणार." मी ऐकलं नाही. चैत्रात विहिरीनं तळ गाठला. भेंडी वाळली, हप्ते मात्र वर्षभर फेडले.

आपल्या लातूरला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टंचाई एका दिवसात येत नाही, आधी खुणा दाखवते.

म्हणून एवढं करा. दोरीला दगड बांधा, हाता-हातावर गाठी मारा. पळसाचं पहिलं फूल दिसलं की दोरी विहिरीत सोडा आणि किती गाठी भिजल्या ते गटाच्या वहीत तारखेसह लिहा. दर आठ दिवसांनी, त्याच वेळी, मोटार चालू करायच्या आधी मोजा. महिन्यात किती गाठी कमी झाल्या ते बघा. त्यावरून पाणी कधीपर्यंत पुरेल याचा अंदाज येतो. उन्हात ते आणखी लवकर उतरतं, हेही धरा. उन्हाळी पिकासाठी कुणी कर्ज मागितलं, तर बैठकीत आधी ही वही उघडा. पाणी कमी असेल तर भाजीऐवजी पापड, कुरड्या, शेवयांचा विचार करा. ऊन तिथं कामाला येतं.

पळसाला पानं तीनच म्हणतात, पण विहीर प्रत्येकीची वेगळी असते. आपली आपण मोजावी. पुढच्या बैठकीला वही घेऊन या.