घरी जुळवलेला वेगवान संगणक : मेमरीची निवड आणि उन्हाळ्याची कसोटी

छत्तीसगडमधील भिलाईजवळच्या अहिवारा परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. शेजारच्या नंदिनी येथील चुनखडीच्या खाणीने भिलाई पोलाद प्रकल्पाला चुनखडी पुरवली आहे. ऊन आणि धूळ अशा दोन्ही गोष्टी असलेल्या ठिकाणी सुटे भाग जुळवून संगणक तयार करणाऱ्याने, विशेषतः तो ठरवलेल्या गतीपेक्षा अधिक वेगाने चालवणाऱ्याने, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याने, मेमरी अर्थात रॅम विचारपूर्वक निवडणे आवश्यक आहे.

प्रथम पाहावा तो मदरबोर्ड. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीडीआर४ आणि २०२० मधील डीडीआर५ या मानकांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे एका प्रकारची पट्टी दुसऱ्या प्रकारच्या बोर्डावर बसत नाही.

वेष्टनावरील मोठा आकडा हा वेगाचा एकमेव निकष नव्हे. त्यासोबत 'सीएल' हा विलंबाचा आकडाही पाहावा. सीएलला २००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले असता विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. या हिशेबाने ३२०० वेगाची, सीएल १६ असलेली डीडीआर४ मेमरी आणि ६००० वेगाची, सीएल ३० असलेली डीडीआर५ मेमरी या दोहोंचा विलंब १० नॅनोसेकंदच येतो. नव्या मेमरीचा लाभ एका वेळी अधिक माहिती वाहून नेण्यात आहे. ६००० वेगाच्याच, परंतु सीएल ३६ असलेल्या मेमरीचा विलंब १२ नॅनोसेकंद होतो.

वाढीव वेगासाठी इंटेलची एक्सएमपी आणि एएमडीची एक्सपो ही तयार मांडणी पट्टीतच नोंदलेली असते. मात्र त्यासाठी विद्युतदाबही वाढतो. डीडीआर५ चा मूळ दाब १.१ व्होल्ट आहे. वेगवान पट्ट्यांत तो अनेकदा १.३५ व्होल्ट असतो. दाब वाढला की उष्णता वाढते.

येथेच हवामानाचा संबंध येतो. मेमरीतील प्रत्येक बिट सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवला जातो. हा भार सतत गळत असल्याने तो वारंवार पुन्हा भरावा लागतो, आणि तापमान वाढले की गळती वाढते. मानकांनुसार चिपचे तापमान ८५ अंशांपलीकडे गेल्यास ही पुनर्भरणी दुप्पट वेळा करावी लागते. खोलीचे तापमान ३० वरून ४२ अंशांवर गेले, तर चिपचे तापमानही साधारण तेवढेच वाढते. जानेवारीत निर्धोक चाललेली मांडणी मे महिन्यात डळमळू शकते, ती यामुळे.

हा दोष नेहमी संगणक बंद पडूनच कळतो असे नाही. चुकीचा बिट गुपचूप फाइलमध्ये लिहिला जातो आणि छायाचित्रे वा हिशेब कायमचे बिघडतात. डीडीआर५ चिपमधील अंतर्गत दोषदुरुस्ती ही पूर्ण ईसीसी मेमरीला पर्याय ठरत नाही.

म्हणून चार पट्ट्यांऐवजी एकाच संचातील दोन पट्ट्या घ्याव्यात. संच मदरबोर्ड उत्पादकाच्या यादीत आहे याची खात्री करावी. पट्ट्यांवर हवा खेळती ठेवावी आणि धूळ नियमित काढावी. मेमटेस्ट८६ सारखी चाचणी दुपारच्या उन्हाच्या वेळी कित्येक तास चालवावी. चाचणीत एकही चूक आढळल्यास वेग एक पायरी कमी करावा. मिळणारा किंचित वेग हा जपून ठेवलेल्या माहितीपेक्षा मोलाचा नाही.