आरंभशूरांसाठी थोडे रसायनशास्त्र

जानेवारीत केलेला रोज फिरायला जाण्याचा संकल्प न्यू जर्सीच्या थंडीत फेब्रुवारीपर्यंत टिकला तर नवलच! बूट दाराशी आणि आपण रजईत. 'आरंभशूर' हा शब्द आपल्याच भाषेतला. पण विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. मधुमेह आपल्या लोकांना कमी वजनातही गाठतो. म्हणूनच २०१५ साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आशियाई वंशाच्या प्रौढांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा २५ वरून २३ वर आणली.

उत्साह ओसरणारच, त्याच्या भरवशावर राहू नये. आम्हा रसायनशास्त्रवाल्यांना ठाऊक असते की प्रक्रिया अडते ती सुरुवातीच्या चढावर. उत्प्रेरक तो चढच कमी करतो. सवयीचेही तसेच. फिरण्याचे कपडे रात्रीच काढून ठेवावेत. बर्फ पडला तर मॉलमध्ये फेऱ्या माराव्यात. 'वेळ मिळेल तेव्हा' न म्हणता 'जेवणानंतर लगेच दहा मिनिटे' असे ठरवावे. आणि सोबत धरावी; खाली कोणी वाट पाहत असले की रजई आपोआप सुटते.

सवय अंगवळणी पडायला किती दिवस? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २००९ च्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हे त्यातले महत्त्वाचे.

तेव्हा मंडळी, शनिवारच्या पार्टीनंतर रविवार बुडाला, तरी सोमवारी बूट चढवायचेच!