सुरक्षिततेचा गुणांक कोणासाठी?

अभियांत्रिकीचा आणि समाजरचनेचा काही संबंध नाही, असे आपल्या मुलांच्या मनावर पहिल्या वर्षापासून बिंबविले जाते. लोखंडाला जात नसते, हे खरेच. परंतु लोखंडाचे काय करावयाचे हे माणसे ठरवितात, आणि आपल्या देशात माणसांना जात असते. यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीसाठी 'डिझाइन'चा जो प्रास्ताविक अभ्यासक्रम मी पुरा केला, त्याच्या आधारे हा मुद्दा येथे मांडीत आहे. तांत्रिक शाखेकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांना वाट दाखविणाऱ्या शिक्षकांना तो उपयोगी पडावा, एवढाच हेतू.

डिझाइन म्हणजे नक्षी किंवा बाह्य रूप, असे पुष्कळांना वाटते. यंत्रशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. प्रथम गरज शब्दांत मांडावयाची. मग यंत्रावर भार किती येईल आणि कोणत्या दिशेने येईल ते ठरवावयाचे. त्यानंतर धातू निवडावयाचा, प्रत्येक भागाची मापे काढावयाची आणि कारखान्यातल्या कामगाराला वाचता येईल असे आरेखन करावयाचे.

आमचे पहिले उदाहरण स्क्रू जॅकचे होते. मोटार उचलण्यासाठी गॅरेजमध्ये वापरतात, तोच. भार २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन. स्क्रूच्या गाभ्याचा व्यास ३० मिलिमीटर धरला, तर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे २८ न्यूटन दाब येतो. साधे पोलाद २५० न्यूटनपर्यंत आपला आकार सोडीत नाही. म्हणजे धातूची ताकद भाराच्या जवळजवळ नऊपट झाली. स्क्रू फिरविताना बसणारा पीळ हिशेबात धरला, की हा आकडा साडेसहाच्या आसपास उतरतो. यालाच सुरक्षिततेचा गुणांक म्हणतात.

इतकी जास्तीची ताकद कशासाठी? धातूत दोष असू शकतो, भाराचा अंदाज चुकू शकतो, काम करणाऱ्याच्या हाताला हिसका बसू शकतो. पण सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे यंत्र मोडले तर खाली कोण असेल, हा विचार. म्हणून सामान उचलणाऱ्या दोरापेक्षा माणसे नेणाऱ्या लिफ्टच्या दोराला हा गुणांक मोठा घेतात.

याच जॅकमध्ये आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दांडा सोडला तरी भार आपोआप खाली येऊ नये, यासाठी आट्यांचा चढ घर्षणाच्या कोनापेक्षा कमी ठेवतात. वरच्या उदाहरणात आट्यांमधील अंतर ६ मिलिमीटर घेतले, तर चढ सुमारे ३.३ अंशांचा येतो. घर्षणांक ०.१५ धरला तर घर्षणाचा कोन ८.५ अंशांचा. भार जागच्या जागी राहतो. पण दांड्यावर खर्च केलेल्या श्रमांपैकी शंभरांतले जेमतेम २८ भाग भार उचलण्याच्या कामी येतात, बाकीचे घर्षणात जातात. हा तोटा अभियंता जाणूनबुजून पत्करतो, कारण जॅकजवळ माणूस काम करीत असतो.

हे शिकत असताना मला राहून राहून आमच्या वस्तीतली सफाई कामगार माणसे आठवत. दोर कमरेला बांधून ती मॅनहोलमध्ये उतरत. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो हवेहून जड असल्याने तळाशी साचतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. धोका वाढतो तसा इशारा नाहीसा होतो. या कामात सुरक्षिततेचा गुणांक कोणी आणि किती धरला होता?

सत्राअखेर प्रत्येक गटाने एक गरज निवडून तिच्यासाठी साधन रचावयाचे होते. वरूनच मॅनहोलमधला गाळ पकडून काढणारे साधन, असा विषय आम्ही दिला. हा प्रश्न नगरपालिकेच्या कारभाराचा आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे, असे सांगून तो परत करण्यात आला. आठवड्याने आम्ही तेच रेखाचित्र, तीच मापे, 'अरुंद तोंडाच्या विहिरीतील गाळ काढण्याचे साधन' या नावाने दिली. विषय मंजूर झाला! विहीर आणि मॅनहोल यांत भूमितीचा फरक नव्हता. फरक होता तो आत उतरणाऱ्या माणसाच्या समाजातील स्थानाचा. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. तिचा अर्थ मला या मंजुरीने नव्याने कळला.

कायदे झाले नाहीत असे नाही. पहिला १९९३ चा. दुसरा २०१३ चा, तो अमलात आला त्या वर्षीच्या ६ डिसेंबरला. १९९३ पासून गटारांत मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे मरतच आहेत. भरपाई मरणानंतर मिळते. मरण टाळण्याचे काम त्याआधीचे, आणि त्यात अभियंत्याचा वाटा मोठा आहे. केरळमधील तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारे 'बँडिकूट' यंत्र २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये वापरात आणले. म्हणजे ही गरज यंत्रशास्त्राच्या आवाक्याबाहेरची कधीच नव्हती. अर्थात केवळ यंत्र आल्याने प्रश्न सुटत नाही. ते अरुंद गल्लीत जाईल का, बिघडल्यावर दुरुस्त कोण करील, आणि ज्याचे काम गेले त्याच्याच हाती ते चालविण्याचा अधिकार व पगार येईल का, हेही अभिकल्पाचेच प्रश्न आहेत.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी गणित आणि आरेखन कसून शिकावे, आणि गरज लिहिण्याची पहिली पायरी दुसऱ्यावर सोडू नये. शिक्षकांनी जॅकच्या जोडीला मॅनहोलचे उदाहरण फळ्यावर मांडावे. कार्यकर्त्यांनी नगरपालिकेच्या निविदांमध्ये यंत्राच्या अटी कोणत्या आहेत, ते मागवून वाचावे. त्या अटींत उतरणाऱ्या माणसाचा उल्लेख नसेल, तर तो घालण्याची मागणी लेखी करावी.