मुकादमाच्या आधी पोचायला हवं

बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोदा-शिरूर कासार भागात वर्ष दोन तऱ्हांनी मोजलं जातं. पावसाळ्यात ऊसतोडीसाठी मजूर जमवणारा मुकादम उचल वाटतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परत येतात. हे ऊसतोडीचं वर्ष. संस्थांचं वर्ष मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च. गावातल्या तरुणांसाठी संस्था चालवते म्हणजे मी नेमकं काय करते, असं लोक विचारतात. या दोन वर्षांचा मेळ घालण्यात माझं निम्मं डोकं जातं, हे त्याचं खरं उत्तर.

उचल म्हणजे तोडणीआधी नवरा-बायकोच्या जोडीला मिळणारी आगाऊ रोख रक्कम. ती ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. जोडीनेच जावं लागत असल्याने पोराचं लग्न लवकर उरकतात आणि पोरीचं त्याहून लवकर. मुलगी १८ची, मुलगा २१चा लागतो, हे गावात कुणाला ठाऊक नाही असं नाही. पण जून-जुलैत घरात पेरणीपुरताही पैसा नसतो. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंतच. पुढे कॉलेजला जायचं तर सवलतीच्या पासाचे का होईना, पैसे लागतात. शिवाय फी, वह्या-पुस्तकं. अशा वेळी मुकादम नोटा घेऊन दारात येतो. त्या चार-सहा आठवड्यांत घरात जे ठरतं, त्यावर घरातल्या मुलीचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं.

नेमकं तेव्हाच आमच्यासारख्यांच्या खात्यात खडखडाट असतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक उलाढालीच्या, मालमत्तेच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हा सीएसआरचा पैसा आम्हाला मोठा आधार आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण प्रकल्प मार्चअखेर संपतो. मग उपयोगिता प्रमाणपत्र, ऑडिट, कंपनीच्या समितीची बैठक, नवा करार. पहिला हप्ता हातात पडेस्तोवर श्रावण लागतो, आणि मुकादमाच्या वहीत आमच्या पोरांची नावं चढलेली असतात.

म्हणून आम्ही मोकळा पैसा जमवतो, कुठल्याच प्रकल्पाला न बांधलेला. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत लागलेली आमच्याच गावची पोरं, जिल्हा परिषदेचे शिक्षक, कुणी महिन्याला दोनशे देतं, कुणी पाचशे. देणगीवर करसवलत आहे, पण यातल्या बऱ्याच जणांना मुळात कर बसतच नाही. लहानपणी फडाजवळच्या कोपीत त्यांनी थंडीच्या रात्री काढल्यात, म्हणून ते देतात. एप्रिल ते ऑगस्ट आम्ही या पैशावर निभावतो: कुणाची फी, कुणाचं तालुक्याला खोलीभाडं, काम शिकणाऱ्या कुणाचं विद्यावेतन.

असाच एक मुलगा मोटार भरायला शिकला. रब्बीत आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि बोअरच्या मोटारी जळतात, त्यामुळे या कामाला तोटा नाही. तालुक्यातल्या एका कारागिराने त्याला हाताखाली घेतलं. सुरुवातीला त्याने फक्त जळालेलं वायंडिंग उपसलं. खरं शिक्षण तिथेच होतं. प्रत्येक खाचेत किती वेढे निघाले, तार कुठल्या गेजची, कॉइलचं कुठलं टोक कुठे जोडलं होतं, सगळं वहीत उतरवायचं. मग खाचा खरवडायच्या, इन्सुलेशनचा कागद बसवायचा, नवी तार भरायची. वेढे कमी पडले की मोटार तापते आणि शेतकरी ती परत घेऊन येतो. हे हातात बसायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. अहवालाच्या रकान्यात मात्र हा मुलगा ‘प्रशिक्षित तरुण’ या आकड्यातला एक, तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन विसरून गेलेल्याइतकाच. त्याच्या आई-वडिलांनी यंदा उचल घेतली नाही, यासाठी रकानाच नाही.

डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. शेती-पशुपालन, वीज, वेल्डिंग, घर-आरोग्य सगळ्याला हात लावावा लागतो. गावच्या पोराला पूर्ण एक वर्ष द्यायला हवं, ही गोष्ट मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते.

आणि निर्णय त्याच पोरांनी घ्यायला हवेत. आमच्यासारख्या नोंदणीकृत न्यासात विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. ठराव, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, तारखा. या कटकटीला कंटाळून अनेक न्यासांत वर्षानुवर्षं तीच नावं राहतात. आम्ही ती कटकट केली. तोडणीच्या घरातले दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी, आता विश्वस्त आहेत. चेकवर माझ्याबरोबर त्या मुलीची सही लागते.

मध्यंतरी पुण्याच्या एका सद्गृहस्थांनी शिलाई मशीनं देऊ केली. बैठकीत ती विश्वस्त मुलगी म्हणाली, “ताई, आमच्याच गल्लीत दोन मशीनं गोणपाटाखाली पडून आहेत. शिवायला कापड कुणी आणून देत नाही. त्यांना विचारा, तेवढ्याच पैशात पोरींची फी आणि पास भरतील का?” मी फोन केला. ते जरा नाराज झाले, दोन दिवसांनी निम्म्या रकमेला तयार झाले. ती रक्कम १ जूनच्या आत खात्यात जमा व्हावी, असं पत्र तिनेच लिहून मला सहीला दिलं.