पावणेएकची सावली

सकाळी 9:15. वर्गाचं कुलूप काढण्याआधी मी पटांगणावर चक्कर मारून येते. खटाव तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, फेब्रुवारीचा पहिला आठवडा, आभाळात ढगाचा ठिपका नाही. इमारतीची किंवा झाडाची सावली दिवसभर पडणार नाही अशा जागी पाच बांबूच्या काठ्या रोवायच्या आहेत, प्रत्येक काठी जमिनीच्या वर बरोबर 1 मीटर. सातवीत 31 मुलं, पाच गट. नावं त्यांनीच ठेवली: वर्धनगड, महिमानगड, अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड.

काम साधं आहे. दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला खूण करायची, लांबी मोजायची, वहीत लिहायची आणि सगळ्यांत आखूड सावली किती वाजता पडते ते शोधायचं. नियम एकच, खोडरबर वापरायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

हाच प्रकल्प गेल्या वर्षी माझ्या हातून बिघडला. "बाई, बरोबर आहे ना?" हे अकरा वाजल्यापासून ऐकून मी वैतागले आणि जेवणाच्या सुट्टीआधीच फळ्यावर उत्तर लिहून टाकलं. संध्याकाळी वह्या बघितल्या तर प्रत्येकाची आखूड सावली त्याच मिनिटाला, तेवढ्याच सेंटिमीटरची. दुपारनंतर उन्हात कुणी गेलंच नव्हतं. कशाला जातील? ते मला अजून लागून राहिलं आहे. आज काहीही झालं तरी उत्तर तोंडातून निघू द्यायचं नाही, एवढंच ठरवून आले आहे.

परिपाठ झाला. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यानं घरून ओळंबा आणलाय. काठी सरळ उभी आहे का यावरून पाचही गटांत वाद, आणि ओळंबा एकच. पंधरा मिनिटं गेली, मराठीचा तास निम्मा बुडाला. मी पायरीवर बसून राहिले. काठी कलली तर सावली खोटी पडते, हे त्यांचं त्यांनाच सुचलं होतं. मग त्या पंधरा मिनिटांना वाया गेली कसं म्हणू?

10:30. पहिली नोंद 110 सेंटिमीटर. अजिंक्यताराच्या दोन पोरांनी काठीच्या बुंध्याला दोरी बांधली, सावलीच्या टोकाशी खिळा धरला आणि गरगर फिरून मातीत मोठा गोल काढला. निव्वळ खेळ. "अरे, काय चाललंय?" हे शब्द ओठांवर आले होते, पण गिळले. गोल राहू दिला.

11:15. मी सहावीला अपूर्णांक शिकवत असताना बाहेर आरडाओरडा. चौथीच्या पोरांचा चेंडू लागून सज्जनगडची काठी आडवी झाली. "बाई, आता आमचं समदं वाया गेलं!" एकीला रडू फुटलं. मी विचारलं, "पडायच्या आधीचे आकडे वाहून गेले का गं?" तिनं मान हलवली. त्यांनी काठी पुन्हा रोवली, ओळंबा लावला आणि वहीत लिहिलं, 'येथे काठी पडली.' आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्प हे एक आहे. गुण देताना या तीन शब्दांना मी सगळ्यांत जास्त देणार आहे. दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या देखण्या प्रतिकृतीत असलं वाक्य कधी सापडत नाही.

12:10. आजच्या दिवसातली अवघड वेळ ही.

वर्धनगडची गटप्रमुख वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. पाचवीला शिष्यवृत्ती मिळवलेली, अक्षर मोत्यासारखं. तिची वही हातात घेतली. 11 वाजता 92, साडेअकराला 80, बाराला 72. इथवर ठीक. पण त्याखाली साडेबाराचे 80 आणि एकचे 92 असे आकडे, तेही शाईनं, लिहून तयार होते. घड्याळात वाजले होते बारा दहा.

"हे कधी मोजलंस?"

"बाई, बाराला सूर्य डोक्यावर असतो. मग पुढं तीच लांबी उलटी येणार. बरोबर आहे ना?"

मला राग आला, खोटं सांगणार नाही. आणि त्याच क्षणी तिचं कौतुकही वाटलं. सकाळची आणि दुपारची सावली एकमेकींचं प्रतिबिंब असते हे तिनं न सांगता ओळखलं होतं. आरसा फक्त चुकीच्या जागी धरला होता. 'नाही' म्हणाले असते तर तिनं दोन मिनिटांत ते आकडे काढून टाकले असते आणि नवे माझ्याकडून मागितले असते. मागे पडलेल्या मुलाबरोबर धीर धरायला मी वर्षांमागून वर्षं शिकले. ज्याला उत्तर चटकन हवं असतं अशा हुशार मुलाबरोबर धीर धरणं त्याहून जड जातं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गांमधली शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, असं तिला दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मी मनात पाचपर्यंत मोजते. आज दहापर्यंत मोजलं.

"काठीला विचारलंस का?" एवढंच म्हटलं आणि वही परत दिली. ती फुरंगटून गेली.

1:00. पोषण आहाराची पंगत. सहावी ते आठवीला माणशी 150 ग्रॅम तांदूळ, आज आमटी-भात. महिमानगडवाले ताट हातात घेऊन काठीपाशी उभे. त्यांची वेगळीच तक्रार: साडेबाराला 67, पावणेएकला 67, आत्ताही 67. "बाई, सावली थांबलीया!" शिवाय टोक नेमकं कुठं संपतं यावरून भांडण, कारण कड पुसट दिसते. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा रुंद आहे, म्हणून कडेला सेंटिमीटरभर धूसर पट्टा येतो. हे मी सांगितलं नाही. तिघांनी तीनदा मोजून सरासरी काढली.

वर्धनगडची मुलगी लांबून बघत होती. जेवली नीट नाही.

2:00. इतिहासाचा तास. मध्येच वरून निरोप, कसलीशी माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा. पाठवली.

3:05. अजिंक्यताराच्या गटातून हाक आली, "बाई, पळत या!" सावली उलट्या अंगाला लांबत जाऊन तिचं टोक सकाळच्या त्या खेळातल्या गोलाला येऊन टेकलं होतं. सगळे गट गोळा झाले. गोलावरच्या अशा दोन खुणांवरून दिशा काढायची ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. अशा काठीला शंकू म्हणतात, आणि 1150 सालच्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त शंकूच्या सावलीच्या गणितांसाठी 'छायाव्यवहार' असा वेगळा भाग आहे. पोरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी गोल तयार होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही.

मग वर्धनगडची गटप्रमुख पुढं आली. "गोलावर सकाळी साडेदहाला होती. आता तीन पाच. म्हणजे मधोमध..." बोटं मोडत तिनं हिशेब केला. "बारा सत्तेचाळीस." पुन्हा केला. मान वर करून माझ्याकडे बघितलं, पण 'बरोबर आहे ना' विचारलं नाही. महिमानगडच्या वहीकडे गेली आणि पावणेएकचा आकडा स्वतः वाचून आली.

4:40. वह्या गोळा झाल्या. तिच्या वहीत 80 आणि 92 वर एकेक सरळ रेघ, शेजारी बारीक अक्षरात 'न बघता लिहिले'. त्याखाली तिचा प्रश्न: घड्याळात बारा वाजतात तेव्हा खरे बारा का नसतात?

उत्तर मला येतं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे. आपण त्याच्या पश्चिमेला आठ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण 32 मिनिटं मागे. त्यातच पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि तिचा आस कललेला, त्यामुळे फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या आणखी 14 मिनिटं मागे असतो. प्रश्नाखाली मी फक्त पृथ्वीगोल घेऊन ये असं लिहिलं.

5:00. दप्तरं पाठीला लावून पोरं फाटकाकडे निघाली. सज्जनगडची मघाची मुलगी परत फिरली.

"बाई, काठ्या काढू नका. आमची पडली होती. आम्ही उद्या परत मोजणार."

काठ्या तशाच ठेवल्या. चौथीच्या बाईंना चेंडूचं तेवढं सांगून आले.